खालच्या घरच्या खुर्च्या

३ जून

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. नेहमीचेच आहेत. जुने झाले म्हणून कमी लागू पडतील असं समजू नकोस.

तुझं पत्र मिळालं. पाठ आता दुखत नाही हे वाचून बरं वाटलं. आईचे गुडघे कुरकुरतात, पण जिना धुवायचं ती सोडत नाही. मी कारखान्यात आता कॉलरी शिवते, आधी बाह्या शिवायचे. मुकादम म्हणतो, ही बढती आहे. मान बाह्यांपेक्षा वर असते, एवढाच अर्थ मला लागला. पैसे तेच.

आता मुख्य बातमी. तुझ्या अपिलासाठी नवी वकील मिळाली. फाशीविरोधी समितीच्या लोकांनी तिला गाठलं. ती फी घेत नाही. वयाने माझ्याएवढी असेल. पिशवीचा बंद तुटला होता तो तिने भलत्याच रंगाच्या दोऱ्याने शिवला आहे, टाके मात्र घट्ट आहेत. मला ती आवडली.

ती रविवारी सकाळी न कळवता आली. आईने दारात काळा कोट पाहिला आणि पहिल्यांदा काय केलं असेल ते तुला सांगायला नको. जिना उतरून थेट मास्तरीणबाईंच्या दाराशी, खुर्च्या मागायला. दाराला कुलूप होतं, बाई भाचीकडे गेल्या होत्या. आई हात हलवत वर आली तोवर वकीलबाई आपली बादली पालथी घालून तिच्यावर बसल्याही होत्या. आईचा चेहरा असा झाला की जणू चोरी पकडली गेली आहे आणि चोर तीच आहे.

वकीलबाईंनी तुझ्या लहानपणाबद्दल विचारलं. घरात खायला होतं का, शाळा का सुटली, कोणी मारायचं का. आईने पाठ केल्यासारखं सांगितलं की काही कमी नव्हतं. मग वकीलबाईंनी निकालातला एक परिच्छेद वाचून दाखवला. आरोपीचं घर नीटनेटकं आहे. बसायला चांगल्या खुर्च्या, टेबलावर भरतकामाचं कापड, भिंतीवर घड्याळ. आरोपीची आई समाधानी. अशा घरातून आलेल्या तरुणाला गरिबीची सबब सांगता येत नाही. हे सगळं सरकारने दिलेल्या आपल्या पहिल्या वकिलानेच कोर्टाला सांगितलं होतं. तुझ्याविषयी चांगलं बोलावं म्हणून.

म्हणजे तो घरी आला तेव्हा आईने मागून आणलेल्या मास्तरीणबाईंच्या खुर्च्या, त्यांचंच टेबल, त्यांचंच कापड आणि पलीकडच्या शिंप्याचं घड्याळ. मला हसू फुटलं, थांबेना. वकीलबाईंना वाटलं मी रडते आहे, त्यांनी रुमाल पुढे केला. आई बादलीकडे बघत होती.

खरं काय ते त्यांना सांगायला हवं. तुझ्या मनात काय आहे ते लवकर कळव. मला एका जागी बसवत नाही.

लोभ आहेच, तो कमी पडू देऊ नकोस.

तुझी
ताई


१४ जून

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि. हे पत्र आधी तपासणाऱ्या साहेबांनाही नमस्कार. त्यांना तुझं अक्षर आवडतं असं त्यांनी परवा मला सांगितलं. माझं अक्षर म्हणजे पावसाने भिजलेल्या मुंग्या, असंही सांगितलं. सरकारी माणूस, खोटं कशाला बोलेल.

बादलीचं वाचून मी मोठ्याने हसलो. पहारेकरी धावत आला. फाशीच्या कोठडीत कोणी हसलं की त्यांना काळजी वाटते.

त्या पहिल्या वकिलाला मी वाईट म्हणणार नाही. मला तो एकदाच भेटला, उभ्या उभ्या. घाईत होता आणि त्याच्या काखेत माझ्यासारखे बरेच दाबलेले होते. मला म्हणाला, तुझं घर फार छान आहे, आईला शोभेल असा वाग. मला वाटलं, हा चुकून दुसऱ्याच कोणाच्या घरी जाऊन आला.

इथे आम्हाला काम देत नाहीत. ज्याला मारायचं ठरलं आहे त्याला कशाला शिकवायचं, असा हिशेब असावा. मी खोलीत फिरतो. दारापासून भिंतीपर्यंत, मग उलटा. शेजारच्या कोठडीतला म्हातारा ओरडतो की तुझ्या फिरण्याने मला गरगरतं. त्याला माझं घरचं नाव भिंगरी आहे असं सांगितलं तेव्हा म्हणाला, नाव ठेवणाऱ्याला डोळे होते.

आता तुझ्या प्रश्नाचं. उपाशी राहिलो ते सांग. शाळा सुटली ते सांग. बाप निघून गेला तेही सांग, तो काही वाचायला येणार नाही. पण आई मला बांधून कामाला जायची हे सांगायचं नाही. का ते तुला माहीत आहे, तरी एकदा लिहितो, म्हणजे पुन्हा विचारणार नाहीस.

गोदामात आम्ही तिघं शिरलो. रखवालदाराला बांधायचं काम माझ्याकडे आलं. मी दोरी घेतली नाही, दोरी काचते. चादरीची पट्टी फाडली आणि आई बांधायची तसं बांधलं, दोन बोटं जातील एवढी ढील ठेवून. तोंडात बोळा मी घातला नाही, पण घातला तेव्हा मी बघत होतो. माणूस दम्याचा होता. सकाळी मेलेला सापडला. मला वाटलं होतं, बांधलेला माणूस मरत नाही. मी कुठे मेलो?

आता वकीलबाईंनी पहिली गोष्ट कोर्टात सांगितली की दुसरी कोणीही तिला जोडेल. म्हणतील, पोराला हे घरीच शिकवलं. मग त्या रखवालदाराचा मृत्यू आईच्या हातात जाईल. तो माझ्या हातात आहे, तिथेच राहू दे.

आईला माझा नमस्कार सांग. तिला एवढंच वाचून दाखव की पाठ बरी आहे.

लोभ वाढवायला इथे जागा कमी आहे, आहे तेवढा पुरव.

तुझा
भिंगरी


२५ जून

चि. भिंगरीस,

आशीर्वाद. आज ते रागाच्या हाताने लिहिलेले आहेत, तरी धर.

तुझं पत्र आईला तू सांगितलंस तेवढंच वाचून दाखवलं. तिने विचारलं की एवढ्या मोठ्या कागदावर एवढंच कसं. मी म्हटलं, अक्षर मोठं आहे. साहेबांना म्हणावं, त्यांच्यामुळे थाप पचली.

काल समितीच्या लोकांबरोबर तुरुंगाच्या फाटकासमोर उभी राहिले. दर महिन्याला ते तिथे उभे राहतात. ओरडत नाहीत, फलक धरून उभे असतात. माझ्या हातात तुझा फोटो दिला. तू कोट घालून काढलेला. मी सारखी जागा बदलत होते, या पायावरून त्या पायावर. शेजारची बाई, जिच्या भावाला पूर्वी फाशी झाली, हळूच म्हणाली की पहिल्यांदा सगळ्यांचं असंच होतं, नंतर पाय शिकतात.

एक बाई बाजारातून जाताना थांबली. तिने विचारलं की मेलेल्या माणसाचा फोटो कोणी धरायचा. मला म्हणावंसं वाटलं की दिलात तर तोही धरते, मला दोन हात आहेत. म्हटलं नाही. त्या रखवालदाराला एक मुलगी आहे. ती कोर्टात माझ्या मागच्याच बाकावर बसायची. निकालाच्या दिवशी ती रडली नाही, मीही नाही. आम्ही दोघी एकाच वेळी उठलो आणि दारात अडकलो, आधी तू, आधी तू करत.

आता तुझं. तुझ्याबरोबरच्या दोघांनी आपापले वकील केले. एकाच्या वकिलाने शाळेचे हेडमास्तर उभे केले, दुसऱ्याच्या वकिलाने डॉक्टर. त्या दोघांना शिक्षेची वर्षं मिळाली. गोदाम तेच, माणूस तोच मेला. तुझ्या बाजूने काय उभं राहिलं? दोन खुर्च्या.

आई म्हणते, झाकली मूठ सव्वा लाखाची. आपण जन्मभर मूठ झाकून बसलो. शाळेत, दवाखान्यात, रेशनच्या रांगेत, काही कमी नाही म्हणत. कोर्टाने ते खरं मानलं. गरिबाचं एवढं एकच बोलणं कोर्टाने खरं मानलं, आणि ते खोटं होतं.

वकीलबाई म्हणतात की अर्धं सांगितलं तर ते सबबीसारखं ऐकू येतं. बांधण्याचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. पण तू आईची लाज राखायला मरणार असशील, तर मी तुला न विचारता सांगेन. मग लिहू नकोस मला.

लिहीत जा मात्र.

ताई


४ जुलै

ती. ताईस,

नमस्कार. हे पत्र लहान आहे.

शेजारच्या म्हाताऱ्याला हलवलं. त्याचं अपील फेटाळलं गेलं. सकाळी त्याने नेहमीसारखी मला शिवी दिली की आता तरी थांब. दुपारी कोठडी रिकामी होती, सतरंजी गुंडाळून ठेवलेली. कुठे नेलं कोणी सांगत नाही. पहारेकऱ्याने आज माझ्याकडे बघितलं नाही.

त्या दिवसापासून मला फिरता येत नाही. भिंतीपर्यंत जातो आणि वळायचं विसरतो.

आई बांधून जायची तेव्हा मी खाटेच्या पायाभोवती फिरायचो. पट्टी गुंडाळत गुंडाळत आखूड व्हायची, मग उलटा फिरून सोडवायचो. दिवस त्यातच जायचा. संध्याकाळी जिन्यात तिच्या बादलीची कडी वाजायची. मला ते वाईट आठवत नाही, ताई. लोकांना वाईट वाटेल याचीच भीती आहे.

ती खाट अजून आहे का?

तपासणाऱ्या साहेबांनी मागचं पत्र देताना सांगितलं की बहिणीचं ऐक. मी म्हटलं, तुमचं काम वाचायचं आहे. ते म्हणाले, वाचतोच आहे.

भिंगरी


२० जुलै

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. रागाचे नाहीत.

खाट आहे. आई तिच्यावर झोपते. तुला ज्या पायाला बांधायची त्या खुराला खाली एक वळं पडलं आहे, पट्टी घासून घासून. बाकीचा रंग काळा झाला, तेवढाच भाग गुळगुळीत आणि उजळ. इतकी वर्षं मी तिथून केर काढते, हात लागतो आणि पुढे जाते.

कोर्टात तारीख झाली. वकीलबाई बोलायला उठल्या तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा चिरकला, मग सापडला. त्यांनी सांगितलं की खालच्या कोर्टाने माणूस पाहिलाच नाही, फक्त त्याची बैठकीची खोली पाहिली, आणि तीही त्याची नव्हती. एका न्यायाधीशांनी चष्मा काढला. बांधण्याचं त्या काही बोलल्या नाहीत, कारण मी ते सांगितलं नव्हतं. तुझा शब्द अजून पाळते आहे, हे लक्षात ठेव. कोर्टाने हुकूम दिला की घरची नव्याने चौकशी व्हावी. १२ ऑगस्टला सकाळी चौकशी अधिकारी घरी येणार. ते बघतील, आईशी बोलतील आणि अहवाल देतील. फाशी राहील की जाईल, ते बरंचसं त्यावर.

मग मी आईला सगळं सांगितलं. खुर्च्यांचा परिच्छेद तिला त्या दिवशी समजलाच नव्हता. तिला वाटलं होतं, निकालात आपल्या घराचं कौतुक आहे. मी सोपं करून सांगितलं की तू घर चांगलं दाखवलंस, म्हणून ते म्हणाले, एवढं चांगलं घर असून पोरगा बिघडला, मग याला माफी कशाला.

तिने उठून बादली घेतली आणि सकाळी धुतलेला जिना पुन्हा धुऊन काढला. शिंपी वर येत होता तो तसाच उभा राहिला. रात्री जेवताना म्हणाली की गरिबी काय चारचौघांत मांडायची वस्तू आहे का. मी म्हटलं, तुझ्या पोरासाठी आहे. ती म्हणाली, मी त्याला अंघोळीशिवाय कधी ठेवला नाही, ते लिहिलंय का कुठे. मी म्हटलं, नाही. तेव्हा तिने ताट सरकवलं.

काल बघते तर ती जुना पडदा धुऊन टाचून ठेवते आहे. १२ तारखेसाठी. आणि मास्तरीणबाईंच्या दाराशी घुटमळताना मी तिला पाहिलं. शेजाऱ्यांना काही सांगायचं नाही, अशी तिने मला तंबी दिली आहे. बिल्डिंगला एवढंच माहीत आहे की कोर्टाचे साहेब येणार.

तिच्यापुढे माझं चालत नाही. तूच लिही तिला. मला नको, तिला. ती तुझ्या शब्दाबाहेर जाणार नाही, आणि तुझा शब्द असा आहे की गप्प बस.

लोभाचं काय लिहू. पळतेय नुसती.

ताई


१ ऑगस्ट

ती. आईस,

शि. सा. न.

आई, हे पत्र ताई वाचून दाखवेल. मध्ये कुठे गाळायला लागली तर तिचा आवाज बदलतो. तिथे तिला थांबव आणि पुन्हा वाचायला लाव.

मी बरा आहे. जेवण मिळतं. अंघोळ रोज करतो.

तू मला खाटेला बांधून जायचीस, ते साहेबांना सांग. मी आजवर ताईला नको म्हणत होतो. माझं चुकलं. मला वाटायचं, लोक तुला नावं ठेवतील. ठेवतील, आई. तुला ऐकून घ्यावं लागेल. तरी सांग.

का बांधायचीस तेही सांग. खाली रस्ता होता, गाड्या होत्या, मी जागेवर थांबणारं पोर नव्हतो. सांभाळायला कोणी नव्हतं. ताई शाळेत जायची, तिची शाळा तरी तू सुटू दिली नाहीस, माझी टिकवणं जमलं नाही. तू बांधलंस म्हणून मी गाडीखाली आलो नाही. पट्टी मऊ होती. मी वाचलो.

आता कठीण आहे ते. त्या रखवालदाराला मी तसंच बांधलं. तुझ्यासारखं, ढिलं. मला वाटलं, सकाळी कोणीतरी येईल आणि सोडेल, जसं तू यायचीस. त्याच्याकडे कोणी आलं नाही. हे तू मला शिकवलं नाहीस. तुझं बांधणं सोडवण्यासाठी होतं. माझं नव्हतं. हा फरक मला इथे बसून कळला, तिथे कळला असता तर तो माणूस असता.

हे सगळं सांगितलं तर कोर्ट काय करेल, माहीत नाही. कदाचित फाशीच ठेवेल. तसं झालं तर निदान माझ्या नावावर जाईन. मास्तरीणबाईंच्या खुर्च्यांवर बसून मरायचं नाही मला.

पडदा कशाला धुतलास. गुडघ्यांना त्रास देऊ नकोस.

तुझा
भिंगरी

साहेबांनी या पत्रातलं काही खोडू नये ही विनंती.


१३ ऑगस्ट

चि. भिंगरीस,

अ. उ. आ. तुझं पत्र आलं तसंच आहे, एक शब्द खोडलेला नाही. साहेबांना सांग.

मी ते वाचलं. एका ठिकाणी आवाज बदलला. आईने थांबवलं आणि पुन्हा वाचायला लावलं, तेव्हा काही गाळलं नाही. तिने ते पत्र घडी करून उशीखाली ठेवलं. काल सकाळपर्यंत मला कळत नव्हतं की ती काय करणार आहे.

काल पहाटे उठून ती जिना धुवायला गेली. मी नळावर गेले. परत येऊन बघते तर आपल्या खोलीत दरबार भरलेला. मास्तरीणबाईंच्या दोन्ही खुर्च्या, मधे टेबल, टेबलावर ते कापड, वर तिसऱ्या मजल्यावरच्या सुनेने ठेवलेलं फुलांचं भांडं. शिंपी स्टुलावर चढून घड्याळ टांगत होता. कोणी मागितलं नव्हतं. आई मागायला बिचकते आहे हे बघून सगळ्यांनी आपणहून ठरवलं. मास्तरीणबाई खुर्ची पुसत म्हणाल्या की एवढ्या मोठ्या कामाला शेजारी नाही तर कोण. त्यांचे डोळे भरले होते, भिंगरी. 

आई वर आली. दारात बादली ठेवली. सगळीकडे बघितलं. पदराने एका खुर्चीचा हात पुसला, जो पुसलेलाच होता. मला वाटलं, संपलं, आता ती बसणार. तिने ती खुर्ची उचलली आणि जिन्याकडे निघाली.

मास्तरीणबाई दुखावल्या. आमच्या खुर्च्यांना काय झालं म्हणाल्या. आई अर्ध्या जिन्यात थांबली, खुर्ची पोटाशी धरून, आणि सगळ्या मजल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली की मागच्या वेळी या खुर्च्यांवर बसून त्यांनी माझ्या पोराला फाशी दिली, आता यांना वर ठेवू नका, खाली घ्या. आईचा आवाज एवढा मोठा आहे, हे मला माहीत नव्हतं. मग मास्तरीणबाईंनी दुसरी खुर्ची स्वतः उचलली. सत्तरीच्या बाई, माझ्या हातात देईनात.

आणि तेवढ्यात अधिकारी साहेब वर यायला लागले. ठरलेल्या वेळेच्या आधीच. अंगाने भरलेले, हातात फाईल. जिना आपला कसा ते तुला माहीत आहे. आधी आई खुर्ची घेऊन, मागे मास्तरीणबाई खुर्ची घेऊन, त्यामागे मी आणि शिंपी टेबल घेऊन. साहेब भिंतीला चिकटून उभे राहिले आणि आमची वरात त्यांच्यासमोरून गेली. कोणीतरी जागा सोडतंय का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली की नाही, सामान ज्याचं त्याच्या घरी जातंय, तुम्ही वर व्हा.

साहेब जमिनीवर बसले. बादली पुढे केली होती, पण ती त्यांना पेलली नसती आणि त्यांना ते कळलं. मांडी घालता येईना, एकेक पाय लांब करत, आखडत बसले. आई त्यांच्या पायांकडे बघत होती. त्यांनी विचारलं आणि ती सांगत गेली. तू भुकेला असायचास ते. बाप गेला ते. शाळेऐवजी पोती उचलायला लागलास ते. मग आपणहून खाटेचं. ती खाली वाकली आणि खुराचं वळं दाखवलं. साहेबांनी हात लावून बघितलं.

त्यांनी विचारलं, कसं बांधायच्या. आईने जुन्या चादरीची पट्टी फाडली, माझा पाय ओढला आणि बांधलं. साहेबांना म्हणाली, दोन बोटं घाला. त्यांनी घातली. गेली. मग ती म्हणाली की माझ्या पोराने त्या माणसालाही असंच बांधलं, ढिलं, पण त्याला सोडवायला मी नव्हते. हे लिहिताना साहेबांचं पेन थांबलं. मी खाटेला बांधलेली होते आणि कोणाच्याच लक्षात नव्हतं.

आणखी एक. घड्याळ भिंतीवरच राहिलं होतं. जाता जाता साहेबांनी त्यात वेळ बघितली तेव्हा आई दचकली आणि म्हणाली की ते शिंप्याचं आहे, तेही लिहा. त्यांनी लिहिलं.

खाली आई तुला सांगते ते तिच्याच शब्दांत लिहिते.

बाळा, आशीर्वाद. साहेब जमिनीवर बसले. एवढा मोठा माणूस माझ्या घरी येऊन जमिनीवर बसला आणि काही झालं नाही. मी बघत होते. छत पडलं नाही. आधीच बसवला असता कोणाला तर, असं रात्रभर मनात आलं. तुला अंघोळ रोज घालायचे तेही सांगितलं, त्यांनी लिहून घेतलं. आता काय व्हायचं ते होवो. जेवत जा. ताईने पाय सोडवून घेतला आहे.

तुझी
ताई, आणि आई


२ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,

आशीर्वाद, सगळे, एकदम.

तुला कळलंच असेल, तरी मला लिहायचं आहे. फाशी रद्द. जन्मठेप. निकालात खुर्च्यांबद्दल एक ओळ आहे. खालच्या कोर्टासमोर आरोपीच्या घराचं जे चित्र आलं ते त्याच्या घराचं नव्हतं. वकीलबाईंनी ती तीनदा वाचली, मग आपल्या पिशवीत काहीतरी शोधत बसल्या, जे तिथे नव्हतं.

रखवालदाराची मुलगी आली होती. मी तिच्याशी बोलायला गेले. ती म्हणाली की माझ्या आईला फाशी हवी होती, मला काय हवं होतं ते मला माहीत नाही. दारात या वेळीही आम्ही अडकलो. या वेळी ती आधी गेली.

आईला सांगितलं. तिने विचारलं, म्हणजे घरी कधी येणार. मी खरं सांगितलं की फार वर्षांनी, ती असेल नसेल. ती म्हणाली, बरं. मग उठली, बसली, पुन्हा उठली.

आम्ही भेटायला येतो. कधी ते कळव.

ताई


१९ नोव्हेंबर

ती. ताईस व ती. आईस,

शि. सा. न.

मला मोठ्या बराकीत हलवलं. इथे इतकी माणसं आहेत की पहिले दिवस मी भिंत शोधत होतो. अंगणात फिरायला मिळतं. मधे एक झाड आहे, त्याच्याभोवती मी फिरतो. कोणी ओरडत नाही. कधी वाटतं, म्हातारा ओरडेल. पुढच्या महिन्यात काम मिळेल म्हणतात, कपडे धुण्याच्या खात्यात. आई हसेल.

पत्रं तपासणारे साहेब या बाजूला नाहीत. निरोप घेताना म्हणाले की तुमच्या घरचं आता मला वाचायला मिळणार नाही. इथले साहेब पत्रावर नुसता शिक्का मारतात. मला थोडं ओकंबोकं वाटतं.

रखवालदाराच्या बायकोला लिहावं असं मनात येतं. दोनदा बसलो. वर काय घालायचं तिथेच अडतो. साष्टांग नमस्कार लिहिला तर तिला तो कसा लागेल. जमेल तेव्हा लिहीन, किंवा जमणारच नाही. तिने फाशी मागितली यात तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मला जगायचं होतं, यात माझं चुकलं का तेही कळत नाही. हे फिरता फिरता चालू असतं.

भेट महिन्याच्या पहिल्या रविवारी. आता मधे जाळी नसते. खोली लांबट आहे, खिडकी उंच. आधी आपण उभे राहायचो, तसं इथे नाही. इथे भिंतीला लागून बाक आहेत, लाकडी, रंग गेलेले. आई आली की उभीच राहील, मला माहीत आहे. बाक कोणाचा आहे ते विचारेल. तिला सांग की कोणाचाच नाही, येईल त्याचा आहे, आणि कुठे परत नेऊन द्यायचा नाही.

मग बसव तिला. मीही बसेन.

तुमचा
भिंगरी